ओपनिंग पाठ करू नका, एक डाव पटावर लावा: फिशर–स्पास्की १९७२, सहावा डाव आणि क्वीन्स गॅम्बिट

नवीन बुद्धिबळ खेळायला लागलेल्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "कुठली ओपनिंग शिकू?" मग कोणीतरी एक नाव सांगतं, त्या नावाचे दहा व्हिडिओ बघून होतात, पहिल्या आठ-नऊ खेळ्या घोकून होतात, आणि खऱ्या डावात समोरचा चौथ्याच खेळीला काहीतरी भलतंच खेळतो. संपलं. आता पुढे काय करायचं ते व्हिडिओत नव्हतं.

माझं म्हणणं असं आहे की ओपनिंग म्हणजे खेळ्यांची यादी नाही. ओपनिंग संपल्यावर पटावर प्याद्यांचा जो आकार उरतो ती खरी ओपनिंग, कारण पुढच्या तीस खेळ्या तुम्ही त्याच आकाराशी झगडत असता. आणि हे कळायला एक डाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने, खऱ्या पटावर, सावकाश लावून बघणं याच्याइतका चांगला उपाय मला तरी माहीत नाही. म्हणून इथे एकच डाव घेतलाय, १९७२ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिप मॅचमधला सहावा, बॉबी फिशर विरुद्ध बोरिस स्पास्की. ओपनिंग क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड, त्यातला टार्टाकोवर डिफेन्स. नावाला घाबरू नका, सगळं येईल ओघात.

आधी पट मांडा

मोबाईलवर नको, खरा पट घ्या. फोनवर बोट सरकवून पुढची खेळी बघितली की डोळे पळतात, डोकं मागे राहतं. पट ठेवताना तुमच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर आलं पाहिजे आणि वजीर आपापल्या रंगाच्या घरावर, म्हणजे पांढरा वजीर पांढऱ्या घरावर.

ज्यांनी घरी आजोबा-काकांकडून देशी नियमांनी शिकलंय (प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर, राजाला एकदा घोड्याची उडी, कॅसलिंग नाहीच) त्यांनी ते नियम तात्पुरते विसरा. इथे प्यादं पहिल्या खेळीत दोन घरं जाऊ शकतं, राजा घोड्यासारखा कधीच उडत नाही, आणि कॅसलिंग आहे: राजा हत्तीच्या दिशेने दोन घरं आणि हत्ती राजावरून पलीकडे.

घरांची नावं: पांढऱ्याच्या बाजूने बघताना डावीकडून उजवीकडे उभ्या पट्ट्या ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच आणि खालून वर रांगा १ ते ८. पांढऱ्याचा राजा सुरुवातीला ई१ वर, काळ्याचा ई८ वर. खाली नुसतं "सी४" लिहिलं असेल तर प्यादं सी४ वर गेलं, "घोडा एफ३" म्हणजे घोडा तिथे गेला. आधी पांढऱ्याची खेळी, रेघेनंतर काळ्याची.

एक कागद आणि पेन जवळ ठेवा. आणि इंजिन (खेळ्या सुचवणारा बुद्धिबळाचा कॉम्प्युटर प्रोग्राम) बंद. एकदम बंद. ते शेवटी उघडायचं आहे.

कुठला डाव, कधीचा

जागा आइसलंडची राजधानी रेक्याविक, साल १९७२. १९४८ पासून जगज्जेतेपद सोव्हिएत खेळाडूंकडेच होतं, स्पास्की त्यातला चालू जगज्जेता. फिशर अमेरिकन, प्रचंड हट्टी, मॅचला यायचं की नाही इथपासून नाटकं. पहिला डाव हरला, तोही सरळ बरोबरीच्या पोझिशनमधे उंटाने एच२ चं प्यादं उचलायला जाऊन. दुसऱ्या डावाला आलाच नाही, तो गुण स्पास्कीला. म्हणजे दोन-शून्य मागे. तिसरा डाव कॅमेऱ्यांपासून लांब एका मागच्या खोलीत झाला आणि फिशर जिंकला, चौथा बरोबरीत, पाचवा पुन्हा फिशरचा. अडीच-अडीच. अशा वेळी २३ जुलैला हा सहावा डाव.

आता गंमत. फिशर आयुष्यभर पांढऱ्याने जवळपास कायम ई४ खेळत आला. राजापुढचं प्यादं, पहिली खेळी, विषय संपला. त्या दिवशी त्याने सी४ खेळलं. स्पास्कीच्या टीमने किती तयारी ई४ च्या विरुद्ध केली असेल याचा विचार करा.

पायरी १: पहिल्या सात खेळ्या, प्रत्येक मोहऱ्याला "तू कशाला आलास?" विचारत

१. सी४ – ई६
२. घोडा एफ३ – डी५
३. डी४ – घोडा एफ६
४. घोडा सी३ – उंट ई७
५. उंट जी५ – कॅसलिंग (राजाच्या बाजूला)
६. ई३ – एच६
७. उंट एच४ – बी६

तिसऱ्या खेळीला थांबा आणि पट बघा. सुरुवात सी४ ने झाली म्हणून तिला इंग्लिश ओपनिंग म्हणतात, पण तिसऱ्या खेळीला डी४ आल्यावर जी पोझिशन तयार झाली ती हुबेहूब क्वीन्स गॅम्बिटची. म्हणजे डी४, डी५, सी४, ई६ अशा क्रमाने आला असता तरी इथेच पोचला असता. नवख्यांनी हे लक्षात ठेवावं: क्रम वेगळा, मुक्काम एकच. खेळ्यांचा क्रम पाठ करणारा अशा वेळी "अरे हे तर इंग्लिश आहे, मला येत नाही" म्हणून घाबरतो, आणि पोझिशन ओळखणारा निवांत असतो.

गॅम्बिट म्हणजे प्यादं देऊ करणं. सी४ चं प्यादं काळ्याच्या डी५ प्याद्यापुढे उभं आहे, घ्यायचं तर घे. काळ्याने घेतलं नाही, ई६ ने डी५ ला आधार दिला, म्हणून डिक्लाइन्ड.

मग ई६ ची किंमत काय? सी८ वरचा काळा उंट बघा. तो पांढऱ्या घरांचा उंट आणि त्याच्या वाटेत ई६ चं स्वतःचंच प्यादं उभं. क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डमधे काळ्याचं मुख्य दुखणं हेच, हा उंट कुठे काढायचा. याच्यावर लोकांनी शंभर वर्षं डोकं खपवलंय. सातव्या खेळीतलं बी६ हे त्यातलंच एक उत्तर: बी७ चं दार उघडायचं आणि उंट तिकडून लांब कर्णावर आणायचा. साव्हिएली टार्टाकोवर या खेळाडूच्या नावाने हा डिफेन्स ओळखला जातो, सोव्हिएत मंडळी त्यात माकोगोनोव आणि बोंडारेव्हस्की ही नावंही जोडायची. हा बोंडारेव्हस्की म्हणजे १९६९ ला स्पास्कीला जगज्जेता करणारा त्याचा कोच. म्हणजे फिशर स्पास्कीच्या अगदी घरच्या ओपनिंगमधे शिरला होता.

कागदावर एवढंच लिहा: "काळ्याचा प्रश्न: सी८ चा उंट. उत्तर: बी६." बास.

पायरी २: मारामारी, आणि मग फक्त प्यादी बघा

८. सी प्याद्याने डी५ मारलं – घोड्याने डी५ मारलं
९. उंटाने ई७ मारलं – वजिराने ई७ मारलं
१०. घोड्याने डी५ मारलं – ई प्याद्याने डी५ मारलं
११. हत्ती सी१ – उंट ई६

तीन खेळ्यांत बरीच मोहरी बाहेर गेली. नवीन खेळाडू इथे "बरोबरीत सुटलं" म्हणून पुढे जातो. तुम्ही मात्र सगळी मोहरी मनातल्या मनात पुसून नुसती प्यादी बघा. काळ्याचं ई प्यादं डी५ वर आलं. आता उंट बी७ ला नेला तर समोर काय? स्वतःचंच डी५. म्हणजे बी६ खेळून जे दार उघडलं त्याच्या पलीकडे भिंत उभी राहिली. म्हणून स्पास्कीने उंट बी७ ला नेलाच नाही, ई६ ला आणला. आठव्या खेळीतल्या त्या साध्या दिसणाऱ्या मारामारीचा हेतू हाच.

दुसरी गोष्ट, पांढऱ्याचं सी प्यादं गेलं, म्हणजे सी पट्टी त्याच्या बाजूने मोकळी. लगेच हत्ती सी१ वर. हत्ती मोकळ्या पट्टीवर ठेवायचा हे सगळ्यांना पाठ असतं, पण कधी, तर पट्टी मोकळी झाल्या झाल्या.

१२. वजीर ए४ – सी५
१३. वजीर ए३ – हत्ती सी८

काळ्याला सी५ खेळावंच लागतं, नाहीतर सी७ चं प्यादं सी पट्टीवर कायमचं मार खात बसेल. आता वजीर ए३ बघा, ही मला या डावातली सगळ्यात आवडती शांत खेळी. ए३ वरून कर्णाने बघा: बी४, सी५, डी६, ई७. ई७ वर काळा वजीर. म्हणजे सी५ च्या प्याद्याने डी४ मारलं तर मधला आडोसा जातो आणि पांढरा वजीर सरळ ई७ चा वजीर उचलतो. सी५ जागच्या जागी खिळलं. याला पिन म्हणतात. पिन फक्त राजासमोरच असते असं समजू नका.

पायरी ३: चौदावी खेळी, इथे पंधरा मिनिटं बसा

१४. उंट बी५ – ए६

पुढचं वाचायच्या आधी काळ्याच्या बाजूने बसा आणि ए६ ऐवजी दुसरी खेळी स्वतः शोधा. चुकली तरी चालेल, कागदावर लिहून ठेवा.

उंट बी५ हा आधी सोव्हिएत ग्रँडमास्टर सेम्यॉन फुरमनने १९७० ला येफिम गेलरविरुद्ध वापरलेला. बी८ चा घोडा डी७ ला यायला बघतोय, त्याच्या वाटेवर नजर ठेवायची हा त्याचा उद्योग. स्पास्कीने ए६ ने विचारलं, जातोस का? आणि फिशर लगेच गेलाच नाही, कारण ए६ च्या प्याद्याने बी५ मारलं तर ए पट्टी उघडते आणि पांढरा वजीर ए८ चा हत्ती खातो. बघा, ए३ वरचा वजीर एकाच वेळी दोन प्याद्यांना धरून बसलाय, सी५ ला कर्णाने आणि ए६ ला सरळ पट्टीने.

१५. डी प्याद्याने सी५ मारलं – बी प्याद्याने सी५ मारलं
१६. कॅसलिंग – हत्ती ए७
१७. उंट ई२ – घोडा डी७

आता परत फक्त प्यादी. काळ्याची सी५ आणि डी५ शेजारी शेजारी उभी आहेत, पण बी पट्टीवर कोणी नाही, ई पट्टीवर कोणी नाही. म्हणजे या दोघांना दुसऱ्या कुठल्याही प्याद्याचा आधार नाही, सांभाळायचं तर मोठ्या मोहऱ्यांनी. यांना हँगिंग पॉन्स म्हणतात, लटकती प्यादी. ही नेहमीच वाईट असतात असं अजिबात नाही. पटावर भरपूर मोहरी असतील तर ती दोघं मधली जागा धरतात, पुढे सरकायची धमकी देतात, मालकाला हल्ला मिळतो. मोहरी कमी झाली की तीच दोघं ओझं होतात. आता मागे जाऊन ८ ते १० बघा, दोन-दोन मोहरी कोणी बदलून टाकली? डाव तिथेच झुकायला लागला होता, आरडाओरडा न करता.

एक सूचना मधेच. फिशरने सोळाव्या खेळीला कॅसलिंग केलं. तुम्ही करू नका असं. त्याला माहीत होतं मधला भाग कधी उघडणार ते, आपल्याला नसतं. दहाव्या खेळीच्या आत राजा आत.

पायरी ४: चांगला घोडा देऊन सुमार उंट का घेतला?

१८. घोडा डी४ – वजीर एफ८
१९. घोड्याने ई६ मारलं – एफ प्याद्याने ई६ मारलं
२०. ई४ – डी४

घोडा डी४ ला आला, सी५ चं प्यादं त्याला मारू शकत नाही (पिन आठवा). स्पास्कीने वजीर एफ८ ला नेला. आता वजिराला मागे घोड्याचा आणि राजाचा आधार आहे, म्हणजे सी५ चं प्यादं आता मारू शकतं, डी४ चा घोडा खरंच धोक्यात. फिशरने तो देऊन ई६ चा उंट घेतला. क्लासमधे कोणी असं केलं तर सर ओरडतील, मधे छान बसलेला घोडा, तोही डी५ चं प्यादं राखणाऱ्या उंटासाठी का दिला म्हणून. पण उत्तर परत प्याद्यांतच आहे. काळ्याचं एफ प्यादं ई६ वर ओढलं गेलं, राजापुढची एफ पट्टी उघडी झाली, आणि पांढऱ्याकडे ई आणि एफ अशी दोन प्यादी पुढे धावायला मोकळी.

मग ई४, त्या लटकत्या जोडीलाच प्रश्न. आणि स्पास्कीने डी४ ढकललं. नुसतं बघितलं तर मस्त वाटतं, पुढे गेलेलं पास्ड पॉन, वाटेत पांढऱ्याचं एकही प्यादं नाही. पण डावातली मोठी चूक हीच मानतात. का? डी५ सोडल्यावर सी४ चं घर पांढऱ्या उंटासाठी रिकामं झालं आणि तिथून तो सरळ ई६ वर बघणार, त्याला हटवायला काळ्याकडे पांढऱ्या घरांचा उंटच राहिला नाही. काळ्या घोड्याला तर बसायला एकही बरं घर नाही. आणि ते पास्ड पॉन शेवटपर्यंत डी४ वरून एक घरसुद्धा हललं नाही. नवीन लोकांना पास्ड पॉनचं फार अप्रूप असतं, त्यांनी हे डी४ जरा वेळ बघत बसावं.

पायरी ५: हल्ला, थोडा वेगाने

२१. एफ४ – वजीर ई७
२२. ई५ – हत्ती बी८
२३. उंट सी४ – राजा एच८
२४. वजीर एच३ – घोडा एफ८
२५. बी३ – ए५
२६. एफ५ – ई प्याद्याने एफ५ मारलं
२७. हत्तीने एफ५ मारलं – घोडा एच७
२८. सी१ चा हत्ती एफ१ – वजीर डी८
२९. वजीर जी३ – ए७ चा हत्ती ई७
३०. एच४ – बी८ चा हत्ती बी७
३१. ई६ – बी७ चा हत्ती सी७
३२. वजीर ई५ – वजीर ई८

इथे प्रत्येक खेळीवर थांबायची गरज नाही, एकदा सलग लावा, मग परत मागे या. बघायच्या दोनच जागा. एक, ए३ वर इतका वेळ बसलेला वजीर एका झटक्यात एच३ ला, आडव्या रांगेतून पटाच्या दुसऱ्या टोकाला, आणि लगेच ई६ वर दोघांचा दाब, उंटाचा आणि वजिराचा. दोन, तिसावी खेळी एच४. घाई नाही, काही नाही, फक्त काळ्या घोड्याचं जी५ चं घर काढून घेतलं. हल्ल्याच्या मधे अशी खेळी सुचायला जिगर लागते, आपण असतो तर हत्ती कुठेतरी आपटला असता.

३३. ए४ – वजीर डी८
३४. एफ१ चा हत्ती एफ२ – वजीर ई८
३५. एफ२ चा हत्ती एफ३ – वजीर डी८
३६. उंट डी३ – वजीर ई८

काळ्याचा वजीर बघा, डी८, ई८, डी८, ई८. जगज्जेता आहे, पण करायला काही उरलंच नाही. आणि फिशर तेवढ्यात निवांत एकेक मोहरा नीट लावून घेतोय. तुमचा डाव जिंकत आला असेल आणि समोरच्याकडे खेळीच नसेल तर हेच करायचं, सगळ्यात मागे पडलेला मोहरा कुठला ते बघून तो आणायचा.

३७. वजीर ई४ – घोडा एफ६
३८. हत्तीने एफ६ मारलं – जी प्याद्याने एफ६ मारलं
३९. हत्तीने एफ६ मारलं – राजा जी८
४०. उंट सी४ – राजा एच८
४१. वजीर एफ४, आणि स्पास्कीने डाव सोडला.

३७ व्या खेळीनंतरची धमकी स्वतः शोधा, उत्तर हे: डी३ उंट, ई४ वजीर, एफ५ हत्ती, तिघं एकाच कर्णावर एच७ कडे तोंड करून. हत्ती एफ८ ला शह, घोड्याने मारलं की दुसरा हत्ती एफ८ ला, वजिराने मारलं की एच७ वर वजिराने मात. ही रचना लक्षात ठेवा, क्लबच्या डावांतही येते. शेवटच्या पोझिशनमधे मोजलं तर स्पास्कीकडे दोन हत्ती, फिशरकडे एक हत्ती आणि एक उंट. पॉईंट मोजणाऱ्याला वाटेल काळा तसा मागे नाही. पण त्याचा राजा उघडा, हत्ती एफ८ ला आला की वजीर गेला. डाव संपल्यावर प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यांच्यात स्वतः स्पास्कीही होता. वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे हरलेला माणूस समोरच्यासाठी टाळ्या वाजवतोय, हे फार वेळा बघायला मिळत नाही. फिशर पहिल्यांदाच मॅचमधे पुढे गेला, साडेतीन-अडीच, आणि शेवटी साडेबारा-साडेआठने जिंकला.

पायरी ६: आता स्वतः खेळा (आणि समोरचा टार्टाकोवर खेळणार नाही हे गृहीत धरा)

लिचेस किंवा चेस डॉट कॉम या वेबसाइटवर रॅपिड खेळा, किमान पंधरा मिनिटांचा, जमलं तर प्रत्येक खेळीला दहा सेकंद वाढीव असलेला. तीन मिनिटांच्या ब्लिट्झमधे ओपनिंग शिकता येत नाही, फक्त घड्याळ शिकता येतं. फिशर-स्पास्कीला पहिल्या चाळीस खेळ्यांना अडीच-अडीच तास होते.

पांढऱ्याने साधा आराखडा: डी४, सी४, घोडा सी३, घोडा एफ३, उंट जी५, ई३, मग उंट डी३ किंवा ई२, कॅसलिंग, हत्ती सी१. समोरचा ई६ आणि डी५ करत असेल तर हे पुरतं.

पण सुरुवातीच्या रेटिंगला निम्मे लोक सरळ सी४ चं प्यादं खातात आणि मग ते जिवापाड सांभाळतात. घाबरू नका. १. डी४ – डी५, २. सी४ – डी प्याद्याने सी४ मारलं, ३. ई३ – बी५ (हे बघा, सांभाळायला लागला), ४. ए४ – सी६, ५. ए प्याद्याने बी५ मारलं – सी प्याद्याने बी५ मारलं, ६. वजीर एफ३! एफ३ ते ए८ कर्ण पूर्ण मोकळा, हत्तीवर हल्ला, आणि काळ्याचा एक मोठा मोहरा तरी जाणारच. हे पाठ केलंत तर मी रागावणार नाही.

उलट बाजूचा सापळाही माहीत हवा, नाहीतर तुम्हीच अडकाल. एलिफंट ट्रॅप म्हणतात त्याला: १. डी४ – डी५, २. सी४ – ई६, ३. घोडा सी३ – घोडा एफ६, ४. उंट जी५ – बी८ चा घोडा डी७, ५. सी प्याद्याने डी५ मारलं – ई प्याद्याने डी५ मारलं, आणि आता पांढऱ्याला वाटतं की एफ६ चा घोडा वजिरासमोर खिळलाय, डी५ फुकट आहे. ६. घोड्याने डी५ मारलं – घोड्याने डी५ मारलं! ७. उंटाने डी८ चा वजीर खाल्ला – उंट बी४ शह. राजाला हलायला जागा नाही, वजीर डी२ ला मधे घालावाच लागतो, वजीर परत जातो आणि हिशोब केला की पांढऱ्याने एका प्याद्याच्या बदल्यात आख्खा घोडा घालवलाय. राजासमोरची पिन आणि वजिरासमोरची पिन यातला फरक इथे चांगला कळतो: वजिरासमोरचा घोडा नियमाने हलू शकतो.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैमधे बाटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकल्यापासून आमच्या सोसायटीतल्या पोरांना एकदम टूर्नामेंटची हौस आलीय. त्यांना मी सांगतो ते इथेही सांगतो: क्लासिकल स्पर्धेत खेळ्या लिहाव्याच लागतात आणि हात लावलेला मोहरा खेळावाच लागतो, म्हणून घरी सरावाचे डावही लिहून खेळा. लिहिलेला डाव असेल तरच पुढची पायरी करता येते.

पायरी ७: आता इंजिन उघडा, पण एकाच प्रश्नासाठी

तुमचा डाव संपला की ओपनिंग जिथे संपली असं वाटतं तिथे थांबा (साधारण बारावी-तेरावी खेळी) आणि फक्त प्यादी कागदावर काढा. कोणाची लटकती आहेत, कुठली पट्टी मोकळी, कुठला उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे अडकलाय, हे आधी स्वतःच्या शब्दात लिहा. मग इंजिन. ते प्लस शून्य पॉईंट अमुक (कोण किती वरचढ याचा आकडा) सांगतं, त्या आकड्याकडे फारसं लक्ष देऊ नका, ते सुचवत असलेली खेळी तुमच्या लिहिलेल्या गोष्टींपैकी कशावर बोट ठेवते ते बघा.

आणि चौदाव्या खेळीला काळ्याकडून तुम्ही काय लिहिलं होतं ते काढा आता. ए६ ऐवजी वजीर बी७ लिहिलं असेल तर शाब्बास. हीच खेळी पुढच्या वर्षी, १९७३ ला नेदरलँड्समधल्या हिल्व्हरसमला, येफिम गेलरने डच खेळाडू यान टिमनविरुद्ध खेळली. हा गेलर रेक्याविकमधे स्पास्कीच्याच टीममधे होता. वजीर बी७ ला गेला की ए३ च्या कर्णावरून सुटला आणि बी५ च्या उंटावर हल्लाही झाला. टिमनने सी५ चं प्यादं जिंकून घेतलं: १५. डी प्याद्याने सी५ मारलं – बी प्याद्याने सी५ मारलं, १६. हत्तीने सी५ मारलं – हत्तीने सी५ मारलं, १७. वजिराने सी५ मारलं – घोडा ए६! १८. उंटाने ए६ मारलं – वजिराने ए६ मारलं. पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त, पण ए६ चा वजीर एफ१ वर बघतोय म्हणून त्याला राजाच्या बाजूला कॅसलिंग करता येत नाही, आणि गेलर पुढे तो डाव जिंकला. पट फिरवून घ्या, काळ्याच्या बाजूने बसा आणि हा डाव इथून पुढे लावा.